बॅकग्राउंड ब्लर करू नकोस भावा

प्रश्न विचारणारा पोरगा मूळचा शिवाजी पेठेतला, पुण्यात आयटीत आहे, महिन्यातनं दोनदा घरी येतो, नवीन मिररलेस कॅमेरा घेतलाय आणि जुनं कोल्हापूर संपायच्या आत त्याचे फोटो काढून ठेवायचेत म्हणतो. तर सुरुवात कुठनं करू, लेन्स कुठली घेऊ, परवानगी कुणाची लागते आणि काढलेलं टिकवायचं कसं, असं विचारलंय त्यानं, शिवाय तालमीचं आणि पुराचं पण. मी मंगळवार पेठेतला, तीसेक वर्षं ह्याच धंद्यात. पोट लग्नांवर आणि पासपोर्ट साईजवर भरतंय आणि उरलेल्या वेळात पेठांतनं कॅमेरा घेऊन फिरायचा नाद आहे, त्यातनं एक रुपया कधी मिळाला नाही. तेव्हा हे उत्तर त्या नादातनं आलंय, जरा लांबेल.

आधी माझी एक चूक सांगतो. १९९६ ला एका वाड्यातलं लग्न केलं होतं. दारात मांडव, जोत्यावर नवरा-नवरी उभे, मागं दोन माणसं हात पसरून उभी राहतील एवढा सागवानी दरवाजा. मी नुकतीच ८५ ची लेन्स घेतली होती, जुनीच, पण माझ्यासाठी नवी, मग काय, सगळं लग्न १.८ वर ठोकलं, म्हणजे ॲपर्चर सताड उघडं, चेहरा धारदार आणि मागचं सगळं धूसर. नवरा-नवरीच्या पापण्या मोजून घ्याव्यात असे फोटो. परवा परवा त्याच घरातला माणूस स्टुडिओत आला, आता पन्नाशी उलटलेला, म्हणाला वाडा पाडून अपार्टमेंट झालं, भावाभावांत वाटण्या झाल्या, दरवाजा कुणी जुन्या बाजारवाल्याला विकला ते पण आता कुणी कबूल करत नाही, तर तुमच्याकडं तेवढा दरवाज्याचा फोटो असेल बघा. निगेटिव्ह काढल्या, लाईट टेबलावर ठेवल्या. सहा रोल. एकाही फ्रेममध्ये दरवाजा नाही, दरवाज्याच्या जागी तपकिरी धुकं आहे फक्त. त्या माणसानं लग्नातल्या स्वतःच्या तोंडाकडं बघितलं पण नाही हो, त्या धुक्यात बोट घालून कडी कुठं होती ते शोधत बसला.

तेव्हापासनं मी एकच गोष्ट धरलीय आणि तुला पण तीच सांगणार आहे, बाकीचं सगळं तिच्यातनंच निघतंय. आज तुला जे बॅकग्राउंड वाटतंय त्याच्यासाठीच लोक पुढं तुझा फोटो मागायला येणार आहेत. कधी येतील, कशासाठी येतील ते आज ना तुला कळणार ना मला.

केशवराव भोसले नाट्यगृहाचं बघ की. १९१५ ला शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी ९ तारखेला संगीतसूर्य केशवरावांची जयंती. त्या रात्री अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं, रडणारी माणसं बघितलीत मी. आणि मग आठवडाभर प्रत्येकजण जुने फोटो टाकत होता, मी पण माझे ड्राइव्ह उपसले. शेकडो निघाले. सगळे स्टेजचे! नट उजेडात, मागं काळोख. विंगा कशा होत्या, मेकअप रूमचा आरसा, पडद्याच्या दोऱ्या ज्या खुंट्यांना बांधायचे त्या खुंट्या, वरच्या गॅलरीतनं स्टेज कसं दिसायचं, ह्यातलं माझ्याकडं चार-पाच फ्रेमा, त्या पण चुकून आलेल्या. वीस वर्षं मी त्या विंगेत उभं राहून फोटो काढलेत, पाठ टेकून, आणि ज्याला पाठ टेकली त्याचा एक फोटो नाही.

आता लेन्सचं पटकन उरकतो, कारण ह्याच्यावर लोक उगाच महिने घालवतात. ३५ मिमी घे, नाहीतर तुझ्या कॅमेऱ्यासोबत आलेली झूम ३५ वर ठेव आणि विसर. ॲपर्चर ८, म्हणजे मागचं पण स्पष्ट येतं, अंधार असला तर ५.६, आयएसओ वाढवायला घाबरू नको, ग्रेन आला तर येऊ दे, ग्रेनमागची पाटी वाचता येते, ब्लरमागची येत नाही. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी ह्याच गावात बसून स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता, खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, येताजाता बघतोसच, आणि आपण पोरं लेन्सचे रिव्ह्यू बघत बसतोय. असो.

सुरुवात कुठनं, तर तुझ्या घराच्या उंबऱ्यापासनं. रंकाळ्याचा सूर्यास्त आणि जोतिबाचा गुलाल ह्याला हात लावू नको म्हणत नाही, मी पण काढतोच दरवर्षी, मन मानत नाही, पण ते काढायला हजार माणसं आहेत. तुझ्या गल्लीतला पिठाच्या गिरणीवाला कोण काढणार? त्यापेक्षा आषाढात मंगळवारी-शुक्रवारी सुट्टी जमव, नदीचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोलीला, म्हणजे आपल्या टेंबलाईला, गल्लीगल्लीतनं मिरवणुका निघतात, डोक्यावर घागरी घेतलेल्या पोरी, पुढं पी ढबाक, म्हणजे आपलं जुनं पारंपरिक वाजंत्री. कुठली गल्ली अजून पी ढबाकवर जाते आणि कुठल्या गल्लीनं साऊंड सिस्टीम लावलीय, तेवढं जरी पाच वर्षं नुसतं तारखेनिशी काढलंस तरी एक मोठं काम होतंय बघ.

आणि एक काम सांगतो जे मी स्वतः करतोय. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुला माहीतच आहे, नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातनं, गरुड मंडपातनं आत शिरतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हिशोब. वर्षातनं दोनदाच का, तर सूर्य दक्षिणेकडं जाताना आणि परत येताना दोन वेळाच त्या जागेवर मावळतो. आता सगळं गाव त्या वेळी तोंड देवीकडं करून उभं असतं आणि गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, जो काही फोटो येतो तो देवस्थानचा येतो, सगळ्यांच्या मोबाईलवर तोच. मी काय करतो, महाद्वारात उभा राहतो आणि देवीकडं पाठ करतो. कॅमेरा पश्चिमेकडं, सूर्याकडं. कारण किरण आत कुठपर्यंत पोचलं हे नुसतं ढगांवर आणि हवेतल्या धुळीवर ठरत नाही, समोरच्या रस्त्यावर कुणी मजला चढवला, कुणी टाकी ठेवली, कुणाचा डिजिटल बोर्ड आडवा आला ह्याच्यावर पण ठरतंय, अडथळे काढायचा विषय दरवर्षी पेपरात येतोच. तर तोच दगड, तीच उंची, तीच लेन्स, तेच सहा दिवस. दहा-बारा वर्षांचे ते फोटो ओळीनं लावले की गाव वर कसं चढत गेलंय ते दिसतंय, एकेक टाकी कळते. पहिल्या वर्षी एक आजी मला म्हणाल्या, "अरे बाबा देवी तिकडं हाय, तू कुणाचा फोटो काढतोस?" काय सांगणार, म्हटलं आजी, टाक्यांचा.

तीच जागा परत पकडायची म्हटलं की नवीन पोरं झूमनं जुळवायला बघतात, ते जमत नाही. समज तुझ्याकडं भवानी मंडपाचा आजोबांच्या वेळचा फोटो आहे आणि तुला आज तिथनंच काढायचाय. आधी त्या फोटोत एक जवळची कड धर, कमानीचा कोपरा म्हण, आणि तिच्यामागची एक लांबची वस्तू धर, कुठलं तरी शिखर किंवा खिडकी. त्या दोघांमध्ये जेवढी फट जुन्या फोटोत आहे तेवढी दिसेपर्यंत डावीकडं-उजवीकडं सरकायचं, मग पुढं-मागं, मग खाली बस किंवा स्टूल घे, कारण जुने लोक कॅमेरा कमरेला लावून वरनं बघायचे, त्यामुळं नजर खालची असते. जागा सापडली की मग झूम करून फ्रेम भर. आणि सावल्या बघ, सावलीच्या लांबीवरनं आणि दिशेवरनं जुना फोटो सकाळचा की दुपारचा, हिवाळ्यातला की एप्रिलातला ते बऱ्यापैकी कळतंय, त्याच वेळी जा. दोन-तीन रविवार जातील. जाऊ देत.

तालमीत जायची सगळ्यांना हौस असते, तू पण विचारलंयस. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठंही जा, पण कॅमेरा पिशवीत ठेवून जा, आधी वस्तादांना भेट, चप्पल बाहेर, आणि पहिले दोन दिवस नुसतं बस. पहाटे चार-साडेचारला पोरं उठतात, तू सात वाजता गेलास तर फक्त घाम वाळलेला दिसेल. आत उजेड कमी, लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घातलेलं, ती माती एकदा सेन्सरवर बसली की साफ करायला पुण्यालाच पाठवावं लागतंय, म्हणून आत लेन्स बदलायची नाही. कुस्ती धरलेली काढायची तर काढ, पण ते सगळ्यांकडं आहे. पोरांच्या ट्रंका काढ, प्रत्येकावर गावाचं नाव रंगवलेलं असतं. खुराकाचे बदाम वाटायचा दगड काढ. भिंतीला मारुतीचा फोटो, त्याच्याखाली एकाच बोर्डावर अकरा मोबाईल चार्जिंगला लावलेले, हा माझा सगळ्यात आवडता फोटो आहे आणि कुठल्याच स्पर्धेत त्याला काही मिळालं नाही. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर असतात त्यामुळं मातीच्या बाजूला मॅट आलीय, मुली पण कुस्ती खेळतात, खासबागेत १९१२ पासनं मातीवरच मैदान भरतंय, एकच पैलवान दोन्हीकडं वेगळा कसा उभा राहतो ते बघ, मातीत अंगठे रुतवतो, मॅटवर बूट घालून घसरू नये म्हणून वेगळा.

आणि बदल म्हणजे नुसतं जुनं पडतंय ते नव्हे, हे पण लक्षात घे. लोक पडक्या वाड्यांचे रडके फोटो काढतात, फिका रंग, कोपऱ्यात म्हातारी. नवीन येतंय ते कोण काढणार? १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर दवाखान्याच्या समोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत. चार दशकांची मागणी होती ती. आता भाऊसिंगजी रोडवर दुपारी एक चक्कर मार, काळे कोट, झेरॉक्सची नवी दुकानं, 'ऑफिससाठी जागा भाड्याने' च्या पाट्या, नाश्त्याच्या गाड्यांवर सातारा, सांगली, सोलापूर, सिंधुदुर्ग, रत्नागिरीची माणसं फाईल मांडीवर घेऊन बसलेली. हे आत्ता घडतंय, आत्ता काढलं तर फुकट आहे. वीस वर्षांनी ह्याला पण जुनं कोल्हापूर म्हणतील.

चप्पल लाईनचं पण तसंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार, २०२५ ला इटलीच्या प्राडा ब्रँडनं तसल्याच चपला दाखवल्या त्यावरनं जगभर गाजलं, तेव्हा सगळे कॅमेरे दुकानांवर गेले. चपला बनतात सुभाषनगर, जवाहरनगरला. रापीनं कातडं कापणारा बाप्या तुला फोटोत भेटतो, पण वेणी विणायचं, टाचायचं बरंच काम घरातल्या बायका करतात आणि त्या दारामागं असतात. तिथं तू एकटा जाऊन कॅमेरा काढू नको, बहिणीला नाहीतर बायकोला बरोबर ने, चहा घे, दुसऱ्या फेरीला विचार. परवानगीचा माझा सगळा कायदा एवढाच आहे, की माणसाला कळलं पाहिजे की फोटो निघतोय, आणि तो नको म्हणाला तर हसून कॅमेरा खाली. पंचगंगेच्या घाटावर आंघोळीला, धुण्याला आलेल्या बायकांचे लांबनं टेलिफोटोनं काढलेले फोटो प्रदर्शनात बघितले की माझं डोकं फिरतंय, तो फोटो चोरलेला आहे, मग उजेड कितीही सोनेरी असू दे.

पुराचं विचारलंयस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी चढत असताना तू फोटोग्राफर नाहीस, दोन हात आहेस, सामान वर चढवायला मदत कर. पाणी उतरल्यावर जा, आठ दिवसांनी, जेव्हा टीव्हीवाले गेलेले असतात आणि लोक भिंती धुवत असतात. भिंतीवर पाण्याची रेघ राहते, तिच्याशेजारी घरातल्या माणसाला उभा कर, उंची आपोआप कळते, आणि रेघेवर बऱ्याच घरांत लोक स्वतःच साल लिहून ठेवतात.

त्याच वेळी ओले अल्बम बाहेर पडतात बघ. २०१९ ला लोक चिखलातले अल्बम उन्हात पत्र्यावर वाळत टाकत होते, मी ओरडत फिरत होतो. वाळले की फोटो एकमेकांना आणि प्लास्टिकला असे चिकटतात की ओढताना चेहराच निघून येतो. ते ओलेच ठेवायचे. स्वच्छ गार पाण्याच्या टबात सोडायचे, पाण्यातच अलगद सुटे करायचे, चित्रावर बोट घासायचं नाही, आणि मग सावलीत, चित्र वर करून, कोऱ्या कागदावर एकेक. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर मध्ये बटर पेपर घालून पिशवीत भरून डीप फ्रीजमध्ये टाकायचे, महिन्यानं काढून केले तरी चालतंय. पुरात लाईट नसते हे मला पण माहीत आहे, उंचावरच्या पाहुण्यांचा फ्रीज बघायचा. जुने केमिकलवर धुतलेले फोटो ह्यातनं बरेच वाचतात, घरच्या इंकजेटवरचे बहुतेक जातात. आणि हे मी शहाणपणानं सांगत नाही, माझ्या स्वतःच्या दोन ट्रंका निगेटिव्ह शुक्रवार पेठेत पाहुण्यांकडं माळ्यावर ठेवायच्या सोडून पलंगाखाली ठेवल्या होत्या, १९९८ ते २००३ मधलं निम्मं काम पुरात गेलं. त्यातली शाहू मिलची भोंग्याच्या वेळची गेटवरची माणसं, सायकली, डबे, ती मला अजून डोळ्यांपुढं दिसतात पण दाखवायला काही नाही. मिल २००३ ला बंद पडली.

म्हणून टिकवायचं कसं तर तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात, तुझ्या बाबतीत पुण्यात, हे सोपंय. रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल ठेव, फॉरवर्ड केलेली प्रत ठेवून काही उपयोग नाही. निगेटिव्ह असतील तर पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नको, बटर पेपरसारख्या पाकिटात, डब्यात सिलिका जेल, आपल्या पावसाळ्यात बुरशी धरायला एक जुलै पुरतो. एसी गाडीतनं उतरून लगेच कॅमेरा काढायचा नाही पावसात, काचेवर वाफ धरते, पिशवीतच वीस मिनिटं राहू दे.

लग्नाच्या फोटोंबद्दल एक कायद्याचं, बऱ्याच आपल्याच लोकांना माहीत नसतं. पैसे घेऊन कुणासाठी फोटो काढला आणि वेगळा करार नसला तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं तो फोटो गिऱ्हाइकाचा, आपला नव्हे. त्यामुळं माझ्याकडं वाड्यांचं, मांडवांचं केवढं तरी आहे पण घरोघरी जाऊन विचारल्याशिवाय मी बाहेर काढत नाही. विचारायला गेलं की उलट घरातनं आणखी जुनं काहीतरी निघतंय, हा फायदा.

आणि नाव-तारीख. फाईलमध्ये तारीख येते ती बघ बरोबर आहे का, माझ्या एका कॅमेऱ्यात तीन वर्षं पीएमचं एएम होतं आणि गंगावेशच्या संध्याकाळच्या दूध कट्ट्याचे सगळे फोटो पहाटेचे म्हणून सेव्ह झालेत. पण नाव कॅमेरा लिहीत नाही. कोण, कुठली गल्ली, कुठल्या दिशेला तोंड करून काढला, हे त्याच रात्री लिही, फाईलच्या कॅप्शनमध्ये, मराठीत. दुसऱ्या दिवशी विसरतंय, पैज लावतो.

त्या दूध कट्ट्यावरचाच एक फोटो. म्हैस उभी, मामा धार काढतायत, गिऱ्हाईक ग्लास धरून थांबलंय, म्हशीच्या शिंगामागं खांबाला क्यूआर कोड. प्रिंट करून मामांना द्यायला गेलो, मी नेहमी देतो, पाच बाय सातची, त्याशिवाय परत त्या जागी कुणी उभं करत नाही. मामांनी फोटो लांब धरून बघितला, स्वतःकडं बघितलंच नाही, म्हणाले म्हस बरी आलीय. मग मागच्या माणसांवर बोट ठेवत गेले, हा अमक्याचा पोरगा, आता दुबईत, हा गेला की गेल्या वर्षी, आणि ही बाई, हिच्या सासऱ्यानं हा कट्टा बांधताना फरशी दिली होती. मी पाठीमागं पेननं लिहीत होतो. शेवटी म्हटलं मामा, म्हशीचं नाव काय, 'गौरी' ना? मी तसंच लिहिलं होतं इतके दिवस.

"गौरी पलीकडची," म्हणाले, "ही चंद्री. खोड आधी ते."